पिशवीचं वजन

आज रात्री ओटा पुसून झाला, भांडी पालथी घालून झाली, की लगेच दिवा घालवू नका. पाट घ्या किंवा खुर्ची ओढा आणि स्वयंपाकघरातच बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. समोर डब्यांची फळी असेल: तांदूळ, डाळ, पोहे, शेंगदाणे, साखर, रवा. त्यातला कुठलाही एक डबा खाली काढा. मी तुरीच्या डाळीचा काढते. का, ते पुढे येईलच. झाकण अजून उघडायचं नाही. डबा नुसता मांडीवर ठेवा, दोन्ही हातांनी धरा आणि तो किती जड लागतो तेवढंच बघा.

एरवी मननाला बसायचं ते हलकं व्हायला. आज वजनाकडे बघायला बसलो आहोत. मांडीला रग लागली तर लागू दे.

मन इकडेतिकडे जाईल. दूध तापवलं का, गॅस बंद केला का. जाऊ दे. परत डब्यावर आणा.

आता २०२०चा गुढीपाडवा आठवा. २५ मार्च, बुधवार. आदल्या रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली आणि बारापासून देश २१ दिवसांसाठी बंद झाला. महाराष्ट्रात संचारबंदी त्याच्याही आधी लागली होती. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला आमच्या पुण्यातच सापडले होते, त्यामुळे आमची भीती इतरांपेक्षा पंधरा दिवस जुनी होती, मुरलेली होती. त्या पाडव्याला आमच्या गुढीला साखरेची गाठी नव्हती. कडुलिंबाची डहाळी सोसायटीतल्याच झाडाची. तुमच्या घरी काय कमी होतं, आठवतंय? प्रत्येक घरात काहीतरी एक कमी होतं. डब्यात हात घालून तळ लागतोय का ते चाचपायचं, ही सवय माझ्या आजीला होती. दुष्काळ आणि रेशन पाहिलेल्या पिढीची ती. त्या आठवड्यात माझा हात आपोआप तसा डब्यात जाऊ लागला.

घरात मी आणि सासूबाई. त्यांचं वय ८१. वाणसामानाची यादी मी पाठकोऱ्या कागदावर लिहिली, फोटो काढला आणि वाण्याला पाठवला. शेठ फोनवर म्हणाले, ‘‘तुम्ही दुकानावर येऊ नका, आजींना जपा. पिशवी भरून ठेवतो, मुलगा आणून देईल.’’ त्यांच्याकडचा जुना माणूस गावाला निघून गेला होता, हा नवा होता. इथवर सगळं ठीक. पण आमच्या सोसायटीने फाटकाबाहेर फळा लावला होता: सामान आणणाऱ्यांनी आत येऊ नये, लिफ्ट बंद राहील. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझा गुडघा तेव्हा दुखावलेला. मग मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडवली, रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीतून खाली टाकली आणि म्हटलं, ‘‘बांध रे बाबा.’’

त्याने बांधली. दोरीला दोनदा हिसका दिला, म्हणजे ओढा.

इथे थोडं थांबू. डबा बाजूला ठेवा आणि उजव्या हाताची मूठ अशी वळा, की तिच्यात दोरी आहे. खाली साधारण ११ किलो आहेत. पाच किलो पीठ, दोन किलो तांदूळ, दोन किलो डाळ, किलोभर साखर, तेलाची एक पिशवी. पहिले दोन हात दोरी सहज येते. मग पिशवी हेलकावे खाऊ लागते, दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला घासते आणि दोरी तळहातात रुतायला लागते. नायलॉन कापतं. तुम्ही दम घेता, पण सोडता येत नाही, कारण खाली एक मुलगा मान वर करून उभा आहे आणि पिशवी त्याच्या डोक्यावर आहे. तो म्हणतो, ‘‘दोरी हाताला एक वेढा द्या काकू, मग ओढा.’’ तुम्ही वेढा देता आणि ओढता.

एवढंच. त्या ओढीत रहा. दोन श्वास, चार श्वास.

पिशवी वर आली तेव्हा माझ्या तळहातावर लाल वळ उठला होता. माझं वय तेव्हा ५७. लग्नानंतरच्या ३२ वर्षांत त्या घरात किती क्विंटल सामान आलं असेल, पण ते किती जड असतं हे मला त्या दिवशी कळलं. आधी सामान ‘यायचं’. दारात पिशवी टेकल्याचा आवाज व्हायचा, मी आतून ‘ठेव तिथेच’ म्हणायचे, आणि सामान आलेलं असायचं. मराठीत हे वाक्य किती सोयीचं आहे बघा: सामान आलं, दूध आलं, गॅस आला. जणू यांना पाय आहेत.

पिशवीची गाठ सुटेना म्हणून मी खाली विचारलं. तो म्हणाला, ‘‘शेवट धरून उलटं ओढा. आडाला पोहरा बांधायला अशीच गाठ मारतेत आमच्याकडं.’’ आमच्याकडं म्हणजे लातूर जिल्हा. पुण्यात आला होता स्पर्धा परीक्षेची तयारी करायला. खोलीवरचे सोबती पाडव्याआधीच गावी गेले, हा राहिला, कारण राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती. ती पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. ५ एप्रिल २०२०ची ती परीक्षा झाली २१ मार्च २०२१ला. तोवर खोलीचं भाडं कुणीतरी द्यायला हवं होतं.

आता भीतीकडे येऊ. ही जागा अवघड आहे, पण टाळायची नाही.

पिशवी आत आल्यावर तुम्ही काय करत होता, ते क्रमाने आठवा. आम्ही ती गॅलरीत उन्हात ठेवायचो. मग एकेक पुडा साबणाच्या फडक्याने पुसायचो. दुधाच्या पिशव्या नळाखाली धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात. नोटा इस्त्रीने शेकणारं एक घर मला ठाऊक आहे, नाव सांगत नाही. यात वेडेपणा नव्हता. मार्चच्या मध्यातच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रयोगशाळेतलं निरीक्षण छापून आलं होतं, की हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरतो. एवढं कळल्यावर कोण पुडा तसाच आत घेईल? मग एप्रिलच्या मध्याला दिल्लीहून बातमी आली: पिझ्झा पोचवणारा एक मुलगा बाधित निघाला आणि ७२ कुटुंबांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगण्यात आलं. आमच्या फळ्यावर दुसऱ्याच दिवशी नवी ओळ आली. सामान ठेवून दहा पावलं मागे सरकावं.

वर्षभराने, एप्रिल २०२१मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने बाधा होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. धोका पुड्यात फारसा नव्हताच. धोका होता बंद जागेत, गर्दीत, दुसऱ्याच्या श्वासात. दुकानं दिवसातून मोजकेच तास उघडी, म्हणून त्या तासांत दुकानापुढे चुन्याच्या गोलांमध्ये सगळ्या पेठेचा श्वास गोळा व्हायचा, आणि त्याच्या मध्यभागी आम्हाला सामान आणून देणारा तो मुलगा उभा असायचा, पिशव्या भरत. म्हणजे तो आमच्यासाठी जितका धोक्याचा होता, त्याच्या कितीतरी पट आम्ही सगळे मिळून त्याच्यासाठी होतो. आमची भीती खरी होती, पण चुकीच्या पत्त्यावर गेली होती. त्याच्या हातांना भ्यायलो, त्याच्या छातीची कुणी चौकशी केली नाही. मी तरी नाही केली.

एक श्वास घ्या. सावकाश. हा श्वास नाकातोंडावर चौपदरी रुमाल बांधून, एप्रिलच्या उन्हात, हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवलेली सायकल चढावर मारताना कसा येईल, ते बघा. नुसतं बघायचं आहे, वाईट वाटून घ्यायचं नाही. वाईट वाटलं की आपण पुन्हा स्वतःकडेच वळतो.

आता डबा उघडायला हरकत नाही.

मूठभर डाळ घ्या. रंग बघा, कुठे एखाद्या दाण्याला साल चिकटलेलं असेल ते बघा. मी दोन किलो डाळ वर ओढली तेव्हा तो खालून ओरडला होता, ‘‘आमच्याकडचीच असंल बगा ती डाळ.’’ असेलही. लातूरची तूर आणि लातूरच्या डाळमिली, हे काही नवं नाही. तिकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात, मृगाचा पाऊस झाला की. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघून जातं, आणि तूर रानात एकटी उभी राहते, थंडीपर्यंत. मग कापणी, मळणी, कट्टे. आडतीवर बोली. मिलमध्ये तेलपाणी लावून वाळवण, मग भरडणं, चाळणं.

मी एका दुपारी मोजायला बसले, की माझ्या आमटीतली डाळ किती वेळा उचलली गेली असेल. रानातून गाडीत. गाडीतून आडतीवर. तिथून मिलमध्ये, मिलमधून ट्रकात. ट्रकातून पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात, गाळ्यावर. गाळ्यावरून टेम्पोत, टेम्पोतून वाण्याच्या दुकानात. तिथून सायकलीवर, सायकलीवरून दोरीला. नऊ झाली. दहावं उचलणं माझं, आणि ते सोडून बाकी नऊ मला तोवर दिसलेलीच नव्हती. या नऊतली मधली चारपाच उचलणी पाठीवरची आहेत. पन्नास किलो. एके काळी पोतं शंभर किलोचं असे. ते पन्नासवर आणायला हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

डाळ परत डब्यात ओता. आवाज ऐका.

इथे माझं मन भरकटतं, आणि मी त्याला भरकटू देणार आहे. हमाल हा चमत्कारिक कामगार. त्याचा एक मालक नाही. सकाळी या गाळ्याचं पोतं, दुपारी त्या गाळ्याचं. मग आजारपणात त्याला रजा कुणी द्यायची, म्हातारपणी फंड कुणी द्यायचा? जो तो म्हणणार, हा काही माझा नोकर नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी, पुण्यात बाबा आढावांनी आणि त्यांच्या हमाल पंचायतीने हा प्रश्न लावून धरला. त्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. त्या कायद्याने युक्ती केली ती अशी: मालक एक नसेना का, सगळ्या व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही एका मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टी द्यावी. ओझ्याला मालक अनेक असले तरी पाठ एकच असते, हे सरकारी कागदावर आलं.

आज ॲपवरून सामान आणणारा मुलगा नेमका तिथे उभा आहे, जिथे १९६९च्या आधी हमाल उभा होता. त्याला कामगार म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदार! नफ्यातला नव्हे, उन्हातला. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात अशा कामगारांच्या संख्येचा अंदाज २०२०-२१साठी ७७ लाख दिला आहे. त्याच २०२०च्या सप्टेंबरात संसदेने केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या पहिल्यांदा आली, आणि २०२३मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, प्रत्येक व्यवहारामागे कल्याणशुल्क घेणारा. माथाडी मंडळाच्या लेव्हीची ती नात म्हणावी. मननात कायदा कशाला, असं कुणी म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण डबा मांडीवर घेऊन बसलं आणि त्याच्या वजनाचा माग काढत गेलं, की वाट मार्केट यार्डातूनच जाते. तिला वळसा घालून जायचं तर डोळे मिटून जावं लागेल.

बरं, आभार मानायला वाजवलेल्या त्या थाळ्यांचं काय? २२ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळचे पाच. तुम्हीही वाजवली असेल. मी पितळी ताट आणि उलथनं घेतलं होतं. सासूबाईंनी देवापुढची घंटा. ज्यांच्यासाठी वाजवायची त्यांच्यात डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याबरोबर घरपोच सामान आणणाऱ्यांचंही नाव होतं. माझे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. पुढे मी त्याला वरूनच विचारलं, ‘‘तू कुठे होतास रे तेव्हा?’’ म्हणाला, ‘‘झोपलो होतो काकू. कर्फ्यूच होता की. आवाजानं जाग आली.’’

आमचे आजेसासरे जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला भाताची चारपाच शितं मांडत. चित्राहुती. त्यातली एक चित्रगुप्ताची, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्याची. शेवटची सगळ्या भूतमात्रांची. मला तेव्हा यातलं काही कळलं नव्हतं, आणि आज मी काही चित्राहुती घालत नाही. पण एक बरं होतं त्यात. आवाज नव्हता. आणि पहिला घास तोंडात जाण्याआधी हात एकदा पानाबाहेर जायचा. तुम्हाला जमत असेल तर उद्या जेवताना शितं न मांडता नुसतं थांबून बघा: एक शीत तुरीत उभ्या असलेल्या बाईचं, एक पोतं उचलणाऱ्याचं, एक ट्रकच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याचं. मेमध्ये वाशीचं बाजार आवार आठवडाभर बंद ठेवावं लागलं, तेव्हा ही मधली माणसं मला अचानक दिसली होती. यंत्र थांबलं की त्याचे दात मोजता येतात, तशी.

एक दुपार राहिली आहे, ती सांगते. मे संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. त्याने पिशवी बांधली, मी ओढली, आणि रिकामी दोरी खाली सोडताना तिला ताकाची बाटली बांधून पाठवली. तो फाटकासमोरच्या सावलीत बसून प्यायला. दहा पावलांचा नियम पाळूनच. मग आपणहून बोलायला लागला. २०१६ला तो लातुरात शिकायला होता. शहराला पाणी नव्हतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ‘‘बगायला गेलतो आम्ही,’’ तो म्हणाला. ‘‘समदे डबेच बगत होते. मी इंजिनात कोन हाय ते बगत होतो. दिसला न्हाई.’’

डबा अजून मांडीवर असेल तर त्याला तिथेच राहू द्या. त्याचं ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं डाळीचा डबा उघडताना ऐकते. सामान दिसतं, इंजिनात कोण आहे ते दिसत नाही. शोधलं तरी. निदान तो शोधत होता.

आता उठायला हरकत नाही. डबा फळीवर ठेवा, आणि दुसऱ्या खोलीतला फोन आणा. त्यातली नावांची यादी उघडा, सावकाश वर सरकवत जा. माझ्या फोनात होती ती अशी: ‘गॅस’. ‘दूध’. ‘पेपर’. ‘प्लंबर २’. ‘लाँड्री’. ‘किराणा मुलगा’. तुमच्याही असतील. यांच्यावर थोडा वेळ नजर ठेवा. पुसू नका, बदलूही नका अजून. गॅस म्हणून नोंदवलेला माणूस घरी गेल्यावर त्याला काय म्हणून हाक मारतात, एवढंच मनात येऊ दे.

ऑगस्टमध्ये सोसायटीने फळा पुसला आणि लिफ्ट सुरू केली. त्या सकाळी बेल वाजली. दारात तो, पिशवी खांद्यावर, तोंडाला मास्क. पाच महिने मी त्याचं डोकं आणि खांदेच पाहिले होते, वरून. समोरून बघितला तर ओळखूच येईना. मला वाटत होता त्यापेक्षा बराच उंच निघाला. पिशवी त्याच्या हातातून मी माझ्या हातात घेतली. दोरीपेक्षा बरी वाटली. मग जरा ओशाळून विचारलं, ‘‘अरे, इतके दिवस झाले, तुझं नाव काय?’’ त्याने सांगितलं, आडनावासकट. मी लगेच फोन काढला, ‘किराणा मुलगा’ उघडलं आणि त्याच्यासमोरच खोडायला लागले.

तो म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या की काकू, किराणाच. नाव टाकलं तर घाईत सापडायचं न्हाई तुम्हाला.’’